विसण, तेल आणि १६९ ठिपके

हसनाबादला मावशीकडे दिवाळीला गेले होते. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायचं काम माझ्याकडे आलं. काम झालं, साबणानं हात धुतले, पुसले आणि विसरून गेले. तासाभरानं भांडी विसळायला कोमट पाण्यात हात घातला आणि ओरडलेच. पाणी जेमतेम कोमट होतं, पण हात निखाऱ्यावर धरल्यासारखे भाजत होते. मावशी चुलीपुढून न उठता म्हणाली, “पाण्यात काय घालू राह्यली हात? तेल लाव आधी.” बोटांना तेल चोळलं, त्यावर मूठभर बेसन चोळलं, मग पाणी घेतलं. आग बरीच उतरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगाला तेल लागलं, तेलावर उटणं, उटण्यावर पाणी. तेव्हा लक्षात आलं, आदल्या संध्याकाळी माझ्या बोटांचं अभ्यंगस्नानच झालं होतं. तेल, पीठ, पाणी: तेच पदार्थ आणि तोच क्रम. हा क्रम असाच का, प्रत्येक पायरीला कातडीत आणि डोक्यात काय घडतं, आणि त्यातलं वर्षभर काय करता येतं, ते एकेक करून पाहू.

हसनाबाद हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं गाव. काळी जमीन, कापूस, मका, सोयाबीन. दिवाळी येते तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. बोंडांच्या टोकदार कडांनी बोटं खरचटलेली असतात, हवा कोरडी होत चाललेली असते, टाचांना भेगा दिसू लागतात. अंगाला तेल-उटणं लावायचा सण नेमका याच दिवसांत येतो.

बंब आणि विसण

मावशीकडे अजून तांब्याचा बंब आहे. बाहेरून पाहिलं तर नुसती मोठी टाकी. खुबी आत आहे. मधोमध एक उभी नळी असते आणि जाळ त्या नळीत होतो. पाणी नळीच्या चारी बाजूंनी. चुलीवरच्या पातेल्याखालची धग बरीचशी बाजूनं निघून जाते. बंबात जाळच पाण्याच्या पोटात असल्यामुळे धगीला जायला वाट पाण्यातूनच. नळी उंच असल्यानं गरम हवा झपाट्यानं वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. म्हणून दोन मुठी पऱ्हाट्या किंवा तुराट्या घातल्या तरी जाळ फुंकावा लागत नाही. त्यात भांडं तांब्याचं. तांबं स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून जास्त सहजतेनं उष्णता पुढे पोचवतं.

पाणी तापलं की विसण घालायचं. विसण म्हणजे कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी. मावशी हे अंदाजानं करते, पण अंदाजामागे हिशेब आहे. समजा रांजणातलं पाणी २४ अंश सेल्सिअस आहे, बंबातलं उकळतंय म्हणजे १०० अंशांवर आहे, आणि आपल्याला हवंय ४० अंशांचं. कढत पाण्याला ६० अंश खाली यायचंय, गार पाण्याला १६ अंश वर. ६० ला १६ नं भागलं की येतात पावणेचार. एक तांब्या उकळतं पाणी असेल तर पावणेचार तांबे विसण. बादलीत आधी गार पाणी घ्यावं आणि त्यात कढत ओतावं. उलटं केलं, तर विसण पडायच्या आधी कुणा लेकराचा हात कढत पाण्यात जायची भीती असते.

४० अंशच का? कातडीतल्या काही मज्जातंतूंच्या टोकांशी टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याला दार समजा. तापमान ४३ अंशांच्या आसपास गेलं की हे दार उघडतं आणि मेंदूकडे निरोप जातो: भाजतंय. ४० अंशांचं पाणी या दाराच्या अलीकडे थांबतं, म्हणून ते सुखाचं वाटतं. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं याच दाराला जाऊन चिकटतं. मग दार बरंच आधी, साध्या कोमट पाण्यालाही उघडू लागतं. माझे हात भाजले नव्हते. निरोप तेवढा खोटा होता. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीचाच माग काढत १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं ते आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत. दाब आणि स्पर्श कातडीला कसा कळतो, हे पाटापुटियन यांनी उलगडलं होतं. मराठीत मिरची लागली तरी ‘आग होते’ आणि भाजलं तरी ‘आग होते’. दोन्हीचं दार एकच, हे भाषेला आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं.

भिंत आणि गारा

तेल आधी का? कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. अंगावरचा मळही बराचसा तसाच असतो: कातडीतून पाझरलेला स्निग्ध अंश, त्यात अडकलेली धूळ, धूर, चुलीचा तेलकटपणा. नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. तेल त्याच्यात मिसळतं, त्याला सैल करतं. मग तेलासकट तो काढून घेणं सोपं.

पण तेलाचं काम मळ काढण्यावर संपत नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. साधारण पंधरा-वीस पदर, आणि सगळे मिळून जाडी वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी. शास्त्रज्ञ या थराला विटांच्या भिंतीची उपमा देतात. पेशी म्हणजे विटा, आणि विटांमधला गारा म्हणजे स्निग्ध पदार्थ. आमच्याकडे मातीची घरं पाहिलेल्यांना ही उपमा समजवावी लागत नाही. गारा झिजला की विटा शाबूत असूनही भिंत गळते. इथे गळतं ते अंगातलं पाणी. कोरड्या हवेत कातडी पांढरी पडते, ओढल्यासारखी वाटते, खाजते, ती याच गळतीनं.

या गाऱ्यातल्या काही महत्त्वाच्या घटकांसाठी शरीराला लिनोलेइक आम्ल लागतं. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर काढलं जाणारं करडईचं तेल घ्या. त्यातल्या स्निग्धाम्लांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हेच असतं. सूर्यफुलाच्या तेलातही ते भरपूर असतं. ढाक्याच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावून पाहिलं होतं. तेल लावलेल्या बाळांना रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. हा अभ्यास २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक तेलानं केलेला प्रयोग होता. घरच्या तान्ह्या बाळासाठी तेल निवडताना डॉक्टरांना विचारावंच. पण भिंत धड राहिली तर बाहेरचं आत शिरत नाही, एवढं त्यातून नीट दिसतं.

हाताचा वेग

तेल कसं लावलं जातं यालाही अर्थ आहे. मावशी पाठीला तेल लावते तेव्हा घाई करत नाही. तळहात मानेजवळ टेकवते आणि कंबरेपर्यंत सावकाश ओढत आणते.

आपल्या कातडीत स्पर्श पोचवणारे मज्जातंतू एका प्रकारचे नाहीत. काही वेगवान असतात. काय टोचलं, कुठे टोचलं, ते तत्क्षणी कळवतात. दुसरे फार संथ. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात माणसांमधल्या या संथ तंतूंचा बारकाईनं अभ्यास केला. लव असलेल्या कातडीत, म्हणजे पाठीवर, दंडावर, हाताच्या वरच्या बाजूला ते असतात. तळहातावर फार विरळ. हे तंतू सगळ्यात जास्त जागे होतात ते हलक्या, उबदार, संथ स्पर्शानं. वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, आणि उत्तम म्हणजे ३ च्या आसपास. त्यांचे निरोप मेंदूच्या ज्या भागात जास्त पोचतात, तिथे ‘कुठे’ यापेक्षा ‘कसं वाटतंय’ याचा हिशेब होतो.

३ सेंटिमीटर म्हणजे किती सावकाश, ते करून पाहा. मनगटापासून एक वीत मोजा आणि ते अंतर दुसऱ्या हातानं सात-आठ सेकंदांत कापा. वाटतं त्यापेक्षा खूप हळू आहे. आजारी माणसाच्या कपाळावरून, झोपेला आलेल्या लेकराच्या पाठीवरून आपला हात न मोजताही याच वेगानं फिरतो.

जड पाणी, फाटलेला साबण

आता उटणं. मावशीच्या डब्यात आवळकाठी, नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या, वाळवलेली मोसंबीची साल आणि मसुरीचं पीठ असतं. सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं. वस्त्रगाळ या शब्दात सुरक्षेचा नियम दडलेला आहे. भरड कण कातडीवर बारीक ओरखडे काढतात. कापडातून गाळलेले कण सुटू पाहणाऱ्या मेलेल्या पेशी तेवढ्या सोबत नेतात.

पिठाचं मुख्य काम तेल टिपण्याचं. एखादी वस्तू जितकी बारीक कुटावी, तितका तिचा एकूण पृष्ठभाग वाढतो. चिमूटभर वस्त्रगाळ पिठाला तेल धरायला केवढी तरी जागा असते. मळ तेलानं सैल केला, आता ते तेल पिठानं उचललं आणि पाण्यानं पीठ वाहून नेलं. माझ्या बोटांवर बेसनानं केलं ते हेच.

मग साबण कशाला नको? इथे गावाच्या जमिनीखाली डोकवावं लागतं. मराठवाडा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. खडकातून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. त्यामुळे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, बंबाच्या आत पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट करतं. पाणी तापवलं की त्यातला काही क्षार चुनखडी होऊन भांड्याला बसतो. आणि साबणाशी कॅल्शियमची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि अंगावर जे चिकट-पांढरं राहतं, ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे.

घरी पाहायचं असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत पावसाचं साठवलेलं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाका, झाकण लावून दहा वेळा हलवा. पावसाच्या पाण्यावर फेसाचं टोपरं उभं राहील. जड पाण्यात दूध फाटल्यासारखे कण तरंगतील.

शिकेकाई आणि रिठ्याला हा त्रास फारसा होत नाही. त्यांच्यात सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक तेलाकडे ओढ घेतं आणि दुसरं, साखरेच्या साखळ्यांचं टोक पाण्याकडे. मळ आणि पाणी यांच्यातला हा मध्यस्थ कॅल्शियमला बधत नाही, म्हणून जड पाण्यातही फेस देतो. शिवाय साबण बराच अल्कधर्मी असतो. त्याचा सामू ९-१० च्या घरात. निरोगी कातडीचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. साबण वापरूच नये असा याचा अर्थ नाही. शेणामातीच्या कामानंतर, स्वयंपाकाआधी, शौचाहून आल्यावर हाताला साबण हवाच. अंगाला मात्र रोज दोनदा खसाखसा लावायची गरज नसते. आणि उटणंही आंधळेपणानं लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडं लावून पाहावं. लाली किंवा खाज आली तर तो डबा आपल्यासाठी नाही.

आधी मोसंबी, मागून वाळा

उटण्यावर पाणी पडलं की न्हाणीत आधी मोसंबीच्या सालीचा वास उसळतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे इथल्या उटण्यात ती असणं ओघानंच आलं. अंग पुसून झालं की मोसंबी गेलेली असते आणि वाळा, नागरमोथा उरतो. तो दुपारपर्यंत कपड्यांतून येत राहतो.

असा क्रम लागतो तो रेणूंच्या वजनामुळे. सालीतला मुख्य सुगंधी रेणू लिमोनीन. त्यात कार्बनचे १० अणू. हलका, म्हणून पटकन उडतो. वाळ्याच्या मुळातले बरेचसे सुगंधी रेणू १५ कार्बनांच्या घराण्यातले. जड, म्हणून रेंगाळतात. अत्तरं बनवणारे याच हिशेबावर सुगंधाचे थर रचतात.

आणि हा वास आला की पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची पहाट अंगावर का येते? नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये त्यांची जनुकं शोधली, आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. डोळ्यांचे, कानांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वासाला हा नाका लागत नाही. तो भावना आणि आठवणी जपणाऱ्या भागांकडे जवळच्या वाटेनं पोचतो. म्हणून वाळ्याचं नाव सुचायच्या आधीच आजीचं लुगडं आठवतं.

अंगणातलं पोळं

अंग वाळेपर्यंत मावसबहीण अंगण सारवून रांगोळीला बसलेली असते. रांगोळी चिमटीतून सोडणं हे वाळूच्या घड्याळासारखंच काम आहे. कोरडे कण एकमेकांवरून घसरत द्रवासारखे वाहतात. दमट झाले की ओलावा त्यांना एकमेकांना चिकटवतो आणि रेष तुटते. म्हणून रांगोळीचा डबा आदल्या दिवशी उन्हात ठेवायचा. रेषेची जाडी दोन गोष्टींवर ठरते: चिमटी किती उघडी, आणि हात किती वेगानं चालतोय. हात सारख्या वेगानं चालायचा तर श्वासही आपसूक सारखा होतो. रांगोळी काढणाऱ्या बाईला मध्येच हाक मारून पाहा. रेषेला गाठ पडलेली दिसेल.

आमची रांगोळी ‘१५ ते ८’ ठिपक्यांची. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध सुरू होते. म्हणजे आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी. मधमाशीच्या पोळ्यात असते तीच मांडणी. एका रुपयाच्या नाण्याभोवती तशीच नाणी चिकटवून लावा. बरोबर सहा मावतात, फट राहत नाही.

एकूण ठिपके किती? वरच्या बाजूचे १४, १३, १२, ११, १०, ९, ८ मिळून ७७. खालचेही ७७. मधले १५. बेरीज १६९. आणि १६९ म्हणजे १३ गुणिले १३. पोळ्यासारखी मांडलेली ही रांगोळी मोडून तेच ठिपके १३ ओळींत १३ असे मांडले, तर एकही कमी-जास्त न होता चौरस तयार होतो.

याहून गंमत लहान रांगोळ्यांत आहे. एकच ठिपका: १. ‘३ ते २’: ७. ‘५ ते ३’: १९. ‘७ ते ४’: ३७. आता ओळीनं बेरीज करत जा. १. १ आणि ७ मिळून ८. त्यात १९ मिळवले की २७. त्यात ३७ मिळवले की ६४. हे सगळे घन आहेत: १, २, ३, ४ यांचे. कितीही पुढे गेलं तरी हे चुकत नाही. अंगणात सपाट मांडलेल्या ठिपक्यांतून असे डब्यासारखे घन उभे राहतात. मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं हातातली चिमटी न थांबवता मान डोलावली, आणि पाडव्याच्या रांगोळीला कडेला चार वेगवेगळ्या मापांची फुलं काढली: १, ७, १९, ३७.

भोकरदनची हस्तिदंती बाई

नटणं-सजणं हे रिकामपणाचं काम, असं म्हणणाऱ्यांना भोकरदनला न्यावं. तालुक्याचं हे गाव केळणा नदीकाठी आहे. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं नगर. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं होती, हे तिथल्या शिलालेखांतून कळतं. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठानं इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख अभ्यासक. या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली.

तिची जवळची नातलग इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. वीतभराहून किंचित उंच. अंगावर दागिने, आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका, प्रसाधनाची पात्रं हातात घेतलेल्या. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या मूर्तीशी असलेलं साम्य पाहून ती याच परिसरात घडली असावी, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं. पायथ्याशी कोरलेलं खरोष्ठी लिपीतलं अक्षर मात्र वायव्येकडे बोट दाखवतं, त्यामुळे वाद मिटलेला नाही. मूर्तीच्या डोक्यातून खाली गेलेलं एक भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी, असाही एक कयास आहे.

तो कयास खरा मानला तर काय दिसतं? कुणीतरी कारागिरानं महिनोन्‌महिने खपून कोरलेली कला, आणि तिचा उपयोग रोज सकाळी हातात धरून स्वतःचा चेहरा पाहण्याचा. कला, कारागिरी आणि अंगाची निगा तिथे वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेली नव्हती.

वर्षातल्या बाकीच्या दिवसांसाठी

नरक चतुर्दशी वर्षातून एकदा. भेगा मात्र रोजच्या. तळपायाच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या ग्रंथीच नसतात. शिवाय तिथली कातडी जाड, वरून अख्ख्या अंगाचा भार. कोरड्या हवेत ती वाकत नाही, फाटते. रात्री एवढं करावं:

विसण घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसावं. टाच मऊ झाली की खरबरीत कापडानं हलकेच घासावी. ब्लेडनं सोलू नये. पाय टिपून, कातडी किंचित ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावं, म्हणजे आत मुरलेलं पाणी अडकून राहतं. वर सुती मोजे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाला चटका उशिरा कळतो. त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्यानं हात घालून पाहावं, आणि जखम दिसली तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

झोपेचं गणितही यात आहे. झोपण्याआधी एक-दोन तास, ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यानं दहा मिनिटं जरी आंघोळ केली किंवा पाय शेकले, तरी झोप लवकर लागते, असं २०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं. ऊब लागली की रक्त कातडीकडे, हातापायांकडे येतं. मग तिथून उष्णता बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान उतरतं, आणि ते उतरणं ही मेंदूसाठी झोपेची खूण असते. शेतातून आल्यावर कढत पाणी मागणाऱ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तेला-पाण्यानं शीण उतरतो; आजार बरा होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येतं.

त्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी, औक्षण, फराळ झाल्यावर मावशी न्हाणीत गेली आणि पाचव्या मिनिटाला बाहेर आली. सगळ्यांच्या पाठीला तेल लावणाऱ्या बाईच्या पाठीला कुणी लावलंच नव्हतं. हस्तिदंती बाईला दोन सेविका होत्या. मावशीला दिवसभर कापूस वेचायचा आणि घरी येऊन चूल पेटवायची.

रात्री बंब पुन्हा पेटवला. एकाला पावणेचार या हिशेबानं विसण घातलं, घंगाळ तिच्यापुढे ठेवलं आणि पाय आत सोडायला लावले. ती आधी लाजली, मग ओरडली, मग गप्प बसली. पाय टिपून करडईचं तेल घेतलं आणि घोट्यापासून पोटरीवर हात चढवत नेला, वीतभर अंतराला आठ आकडे मोजत.

“अशी गोगलगाईवानी काय चोळू राह्यली?” मावशी म्हणाली. “झोप लागंल मला.”

मी आकडे मोजत राहिले. तिसऱ्या विती­ला उत्तर द्यायला ती जागी नव्हती.